स्पोर्ट्स कारला नवी चाकं बसवायचीत? पैसे मोजण्याआधी हे पाच आकडे मोजा

अशी रील तुमच्याही फीडवर आली असेल. गॅरेजमध्ये जॅकवर चढवलेली स्पोर्ट्स कार. जुनी चाकं निघतात, रुंद काळी चाकं चढतात, गाडी खाली येते आणि कॅमेरा हळूच फेंडरच्या कडेवर सरकतो. टायर आणि फेंडरच्या मध्ये बोट शिरेल एवढीही जागा नाही. खाली कमेंट्सचा पाऊस: ‘साईज काय आहे भावा?’

कोणीतरी साईज सांगतो आणि दुसरा कोणीतरी तीच मागवतो. पण रील संपते तेव्हा गाडी उभीच असते. तीच गाडी मागे दोन माणसं बसवून स्पीडब्रेकरवरून नेली, किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यात उतरवली, तर काय होतं हे कोणी दाखवत नाही. फेंडरची कड टायरच्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे साइडवॉलवर, घासत राहिली तर रबर कापलं जातं. ही भिंत फुटली तर पंक्चर काढून भागत नाही, आणि ती फुटायची वेळ आपण ठरवत नाही.

गाडीचं ब्रेक मारणं, वळणं, रस्ता धरून राहणं हे सगळं शेवटी रबराच्या चार तुकड्यांवर चालतं. त्यातला प्रत्येक तुकडा साधारण तळहाताएवढा असतो. म्हणून चाकं निवडताना आवड नंतर, गणित आधी. आणि हे गणित शाळेतल्या बेरीज-वजाबाकीच्या पुढे जात नाही.

उदाहरणाला घेऊ टोयोटा ८६

टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून केलेली ही मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार २०१२ मध्ये बाजारात आली. युरोपात ती जीटी८६ होती, अमेरिकेत आधी सायन एफआर-एस, आणि सुबारूच्या शोरूममध्ये बीआरझेड. २०२१ मध्ये जीआर८६ नावाने तिची दुसरी पिढी आली. भारतात ती अधिकृतपणे विकली गेली नाही, पण जपान, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथे चाकं बदलण्याच्या चर्चेत हिचं नाव हमखास येतं.

पहिल्या पिढीच्या १७ इंची चाकांचे कंपनीने दिलेले आकडे असे:

- टायर: २१५/४५ आर१७
- चाक: १७ इंच व्यास, ७ इंच रुंदी
- ऑफसेट: ४८ मिमी
- पीसीडी: ५×१००
- हब बोअर: ५६.१ मिमी

टायरवरच्या आकड्यांचा अर्थ आधी लावू. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये. ४५ म्हणजे साइडवॉलची उंची, पण ती मिलीमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत. २१५ च्या ४५ टक्के म्हणजे ९६.७५ मिमी. ‘आर’ म्हणजे रेडियल, आणि १७ हा रिमचा व्यास इंचांत. इथे बरेच जण चुकतात. २१५/४५ आणि २२५/४५ या दोन्हींत ४५ दिसत असलं तरी दोन्ही भिंतींची उंची सारखी नसते.

आता एकेक आकडा पाहू.

१. पीसीडी: नट कुठे बसणार?

चाकाला जितके नट, तितक्या भोकांच्या मध्यातून जाणारं एक वर्तुळ काढा. त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. ८६ ला पाच नट आणि १०० मिमीचं वर्तुळ, म्हणून ५×१००. बाजारात ५×११४.३ ची चाकं भरपूर मिळतात, पण ती ८६ वर चढणारच नाहीत. हे एका अर्थी बरंच, कारण चूक लगेच कळते.

खरा धोका जवळच्या आकड्यांत आहे. ५×११२ आणि ५×११४.३ यांत फरक जेमतेम सव्वादोन मिलीमीटरचा. आपल्याकडे फियाट पुंतोचा पीसीडी ४×९८ आणि स्विफ्टचा ४×१००. अशी चाकं नट दाबून आवळली की ‘बसली’ असं वाटतं. प्रत्यक्षात नट तिरके बसतात, स्टडवर सतत ताण येतो आणि नट सैल होऊ लागतात. पीसीडी तंतोतंत जुळला पाहिजे. इथे ‘जवळपास’ चालत नाही.

२. हब बोअर: चाक मधोमध बसतंय का?

चाकाच्या मध्यभागी जे मोठं भोक असतं, त्याचा व्यास म्हणजे हब बोअर. गाडीच्या हबचा उंचवटा त्यात घट्ट बसतो आणि चाक बरोबर मधोमध राहतं. चाकाचं भोक हबपेक्षा लहान असेल तर चाक चढतच नाही. मोठं असेल तर चढतं, पण किंचित बाजूला बसू शकतं आणि ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागतं.

ओळखीचं उदाहरण घ्या. फोक्सवॅगन पोलोचा पीसीडीही ५×१००. म्हणजे तिची चाकं ८६ ला चालतील? पोलोचा हब बोअर ५७.१ मिमी आहे आणि ८६ चा ५६.१. फक्त एक मिलीमीटर, पण तेवढ्यानेही चाक मध्यावरून सरकू शकतं.

बाजारातली बरीच अलॉय अनेक गाड्यांना चालावीत म्हणून मुद्दाम मोठ्या भोकाची बनवलेली असतात, उदाहरणार्थ ७३.१ मिमी. त्यांच्यासोबत हब रिंग नावाची कडी घ्यायची असते: बाहेरून ७३.१, आतून ५६.१. वस्तू स्वस्त आहे, पण ती न लावल्यामुळे लोक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून घेत बसतात आणि थरथर काही जात नाही.

याच वेळी नटही तपासा. पहिल्या पिढीच्या ८६ चे नट १२ मिमी व्यासाचे आणि १.२५ मिमी पिचचे आहेत. इतर बऱ्याच गाड्यांना १.५ पिच असते. चुकीच्या पिचचा नट मशीनने दाबून बसवला तर स्टडचे आटे जातात. नटाचं बूड चाकाच्या खाचेशी जुळतंय का, तेही पाहा. काही खाचा शंकूच्या आकाराच्या असतात, काही गोलसर. एकाचे नट दुसऱ्याला लावू नयेत.

३. रुंदी आणि ऑफसेट: घासायचं की नाही, हे इथे ठरतं

चाकाची रुंदी मधोमध विभागणारी एक रेघ कल्पा. चाक हबला जिथे टेकतं ती जागा या रेघेपासून किती मिलीमीटर बाहेरच्या बाजूला आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट. चाकावर तो ‘ईटी ४८’ असा कोरलेला असतो. ऑफसेट जितका कमी, तितकं चाक गाडीच्या बाहेर येतं. जितका जास्त, तितकं आत जातं.

दोन सूत्रं पुरतात:

- आतली बाजू = अर्धी रुंदी + ऑफसेट
- बाहेरची बाजू = अर्धी रुंदी − ऑफसेट

८६ चं मूळ चाक ७ इंच, म्हणजे १७७.८ मिमी रुंद. अर्धे ८८.९. आतली बाजू १३६.९ मिमी आणि बाहेरची ४०.९ मिमी.

आता ८ इंची, ४० ऑफसेटचं चाक घेऊ. अर्धी रुंदी १०१.६ मिमी. आतली बाजू १४१.६, बाहेरची ६१.६. म्हणजे चाक आत सस्पेन्शनकडे ४.७ मिमी सरकलं आणि बाहेर फेंडरकडे २०.७ मिमी आलं. रुंदी एकच इंच वाढली, पण ऑफसेटही बदलल्यामुळे त्यातला बहुतेक भाग बाहेर गेला.

आता ९ इंची, ४५ ऑफसेटचं चाक पाहा. ते आत २२.४ मिमी जातं आणि बाहेर २८.४ मिमी येतं. आत जवळजवळ सव्वादोन सेंटिमीटर जागा लागते. ८६ ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे चाकाच्या आतल्या बाजूला शॉकअॅब्सॉर्बरची नळी आणि स्प्रिंगची बैठक उभी असते. म्हणून मागे आरामात बसलेलं चाक पुढे अडू शकतं. मागे बसवून पाहिलं आणि चारही घेतली, असं करू नका.

हे आकडे मूळ चाकापासूनचा फरक दाखवतात. तुमच्या गाडीत प्रत्यक्ष किती जागा आहे ते मोजावंच लागतं, कारण खाली केलेली गाडी आणि बदललेला कॅम्बर हिशेब पालटवतात. स्टिअरिंग सरळ ठेवून, मग दोन्हीकडे पूर्ण वळवून, टायरपासून स्ट्रटपर्यंत आणि फेंडरच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. वरच्या फरकाएवढी जागा आणि वर थोडी शिल्लक असेल तरच पुढे जा. टायर नवा असेल तर त्याची वाढलेली रुंदीही या हिशेबात धरा.

ब्रेकचा कॅलिपर मात्र या सूत्रांत येत नाही. तो अडणार की नाही हे चाकाच्या आऱ्यांच्या आकारावर ठरतं. एकाच साईजची दोन डिझाइन असतात, एक बसतं आणि दुसरं कॅलिपरला लागतं. सोपा उपाय म्हणजे मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा छोटा गोळा कॅलिपरवर चिकटवा, चाक चढवून हाताने एक फेरी फिरवा आणि काढून पाहा. दबलेल्या क्लेची जाडी म्हणजे उरलेली जागा. ती ३ मिमीपेक्षा कमी असेल तर ते डिझाइन सोडून द्या.

‘ऑफसेट चुकला तर स्पेसर टाकू’ हा सल्ला सर्रास मिळतो. स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये घातलेली चकती. ती जितकी जाड, तितका नट स्टडवर कमी फिरतो. ढोबळ नियम असा की स्टडच्या व्यासाएवढे आटे तरी नटात गेले पाहिजेत. १२ मिमी स्टड आणि १.२५ पिच असेल तर नट जवळजवळ दहा फेरे फिरला पाहिजे. सहा-सात फेऱ्यांत आवळला जात असेल तर तो स्पेसर काढून टाका. शिवाय चाक जितकं बाहेर जाईल, तितका बेअरिंगवर भार वाढतो आणि खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंग जास्त ओढ घेतं.

४. टायरचा एकूण व्यास: मीटर खोटं बोलायला नको

रिम मोठी केली तर साइडवॉल तेवढी कमी करायची आणि बाहेरचा एकूण व्यास होता तसाच ठेवायचा. व्यास काढायची रीत: साइडवॉलची उंची दुप्पट करा, त्यात रिमचा व्यास मिळवा. एक इंच म्हणजे २५.४ मिमी.

८६ चा मूळ टायर: ९६.७५ × २ + ४३१.८ = ६२५.३ मिमी.

त्याच्याशी काही पर्याय ताडून पाहू:

- २४५/४० आर१७: ६२७.८ मिमी. फरक ०.४ टक्के.
- २१५/४० आर१८: ६२९.२ मिमी. फरक ०.६ टक्के.
- २२५/४५ आर१७: ६३४.३ मिमी. फरक १.४ टक्के.
- २२५/४० आर१८: ६३७.२ मिमी. फरक १.९ टक्के.
- २१५/४५ आर१८: ६५०.७ मिमी. फरक ४.१ टक्के.

शेवटचा पर्याय म्हणजे ‘रिम १८ ची घेतली, बाकी आकडे तेच ठेवले’ ही नेहमीची चूक. हा फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवावा असा सर्वसाधारण नियम आहे, आणि जितका कमी तितका चांगला. व्यास वाढला की चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण स्पीडोमीटरला ते कळत नाही. तो पूर्वीइतकाच वेग दाखवतो आणि गाडी ४ टक्के जास्त वेगाने धावत असते. गिअरिंग लांबतं, म्हणजे पिकअप मंदावतो. एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल चाकांच्या फेऱ्यांची तुलना करून काम करतात. पुढच्या आणि मागच्या टायरच्या व्यासातलं प्रमाण बिघडलं तर त्या यंत्रणांचा अंदाज चुकू शकतो. डावा आणि उजवा टायर तर कधीच वेगळ्या साईजचा नसावा.

टायर आणि रिमची रुंदीही एकमेकांना साजेशी हवी. २१५/४५ आर१७ ला साधारण ७ ते ८ इंची रिम चालते, २२५/४५ आर१७ ला ७ ते साडेआठ, आणि २४५/४० आर१७ ला ८ ते साडेनऊ. म्हणजे २४५ चा टायर ८६ च्या मूळ ७ इंची रिमवर चढवणं चूकच. टायर फुग्यासारखा फुगतो आणि वळणावर लचकतो. उलट अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवण्याची फॅशनही आहे. त्यात रिमची कड उघडी पडते, आणि जोरात धक्का बसला तर टायर रिमवरून निसटण्याचा धोका असतो.

५. लोड इंडेक्स: हा आकडा कोणी विचारतच नाही

टायरवर साईजनंतर ‘८७ डब्ल्यू’ असं काही लिहिलेलं असतं. ८७ हा लोड इंडेक्स. म्हणजे तो टायर योग्य हवेच्या दाबाला जास्तीत जास्त ५४५ किलो भार पेलू शकतो. ८८ म्हणजे ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो. पुढचं अक्षर वेगाची मर्यादा सांगतं. एच म्हणजे ताशी २१० किमी, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००.

नियम सोपा आहे. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये जो लोड इंडेक्स दिलाय, त्याच्या खाली जायचं नाही. साइडवॉल पातळ होत जाते तशी टायरमधली हवाही कमी होते, त्यामुळे दिसायला ऐटदार टायर भार पेलण्यात कमी भरू शकतो. तसंच चाकावरही एक भार कोरलेला असतो. जपानी चाकांवर ‘जेडब्ल्यूएल’ ही खूण पाहा. सोबत ‘व्हीआयए’ असेल तर त्या चाकाची त्रयस्थ तपासणी झालेली असते. हुबेहूब नक्कल केलेली स्वस्त चाकं फोटोत फसवतात, खड्ड्यात नाही.

टायर किती जुना आहे तेही बघा. ‘डीओटी’ अक्षरांनंतरच्या आकड्यांतले शेवटचे चार महत्त्वाचे. २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर.

मोठं चाक म्हणजे वेगवान गाडी?

८६ ची गंमत इथेच आहे. पहिल्या पिढीला कंपनीने जे मिशलिन प्रायमसी एचपी टायर दिले, तेच टोयोटाने प्रियससारख्या इंधन वाचवणाऱ्या हायब्रिडच्या काही मॉडेल्सनाही दिले होते. लोकांनी नाकं मुरडली. पण तो कंजूषपणा नव्हता. मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांच्या टीमला टायरच्या चिकटपणावर अवलंबून नसलेली, कमी वेगातही मजा देणारी गाडी हवी होती. माझदानेही आपल्या सध्याच्या पिढीच्या एमएक्स-५ ला कारखान्यातूनच १६ इंची चाकं आणि १९५/५० टायर दिले, आणि ती अस्सल स्पोर्ट्स कार आहे.

चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. ते वाढलं की खड्ड्यातून गेल्यावर टायरला पुन्हा रस्ता धरायला जास्त वेळ लागतो. ते फिरवायला आणि थांबवायलाही जास्त जोर लागतो. म्हणून जड १८ इंचीपेक्षा हलकी १७ इंची चाकं आणि त्यावर उत्तम प्रतीचा टायर हा ८६ साठी अनेकदा जास्त शहाणा सौदा ठरतो. पातळ साइडवॉलचा तोटा पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्याला वेगळा सांगायला नको. टायर वाचतो, पण रिम वाकते.

कायदा आणि विमा

नियम देशागणिक बदलतात. जर्मनीत चाकाला त्या गाडीसाठीची मान्यता लागते. जपानच्या ‘शाकेन’ तपासणीत चाक फेंडरबाहेर आलं तर गाडी नापास होते. ब्रिटनमध्ये असे बदल विमा कंपनीला कळवावे लागतात.

भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मूळ तपशिलाशी विसंगत बदलांविरुद्ध कडक निकाल दिला. तुमच्या मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीनेच दिलेली साईज हा त्यातल्या त्यात बिनधोक मार्ग. बदल करणारच असाल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर दावा अडला तर ‘टायरवाल्याने सांगितलं होतं’ हे उत्तर उपयोगाचं नाही.

चाकं बसल्यावर पहिल्या दिवशी

- दुकानातच स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा. रिव्हर्समध्येही फिरवून पाहा.
- गाडीत माणसं बसवून हळू वेगात स्पीडब्रेकरवरून न्या. नंतर फेंडरच्या आत आणि साइडवॉलवर घासल्याची खूण शोधा.
- नट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला आवळा. ८०-१०० किमी चालवल्यावर पुन्हा तपासा.
- अलाइनमेंट करून घ्या आणि हवेचा दाब नव्या टायरला साजेसा ठेवा.
- जुनी चाकं लगेच विकू नका. दोन महिने चालवून बघा, मग ठरवा.

आणि पुढच्या वेळी एखाद्या रीलखाली ‘साईज काय आहे भावा?’ असं लिहिण्याआधी प्रश्न थोडा बदला: ‘रुंदी आणि ऑफसेट किती, टायर कोणता, आणि चार माणसं बसल्यावर घासतं का?’ उत्तर आलं तर वर दिलेली बेरीज-वजाबाकी करून बघा. नाही आलं, तर ती साईज तुमच्या गाडीसाठी नाही.